माउंटन बाइकची स्वच्छता व वंगण

माउंटन बाइकची स्वच्छता व वंगण ही खडबडीत वाटांवर चालवल्या जाणाऱ्या सायकलीच्या देखभालीतील मूलभूत प्रक्रिया आहे. तीत साखळी, दातेरी चक्रे, ब्रेक, सस्पेन्शन व बेअरिंग यांवरील धूळ, चिखल आणि जुने तेल काढून टाकले जाते व ज्या भागांना गरज आहे त्यांनाच योग्य प्रकारचे तेल किंवा ग्रीस दिले जाते. या दोन कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. मळलेल्या साखळीवर सोडलेले तेल धुळीशी मिसळून घासणारा लेप बनते आणि झीज कमी होण्याऐवजी वाढते.

तेल कोणते वापरावे आणि किती दिवसांनी द्यावे, हे माती व पाऊस यांवर ठरते. महाराष्ट्रातील सातारा व सांगली हे लगतचे जिल्हे याचे चांगले उदाहरण आहेत. या जिल्ह्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपावसाचा प्रदेश, मध्यभागी कृष्णाकाठची काळी जमीन आणि पूर्वेस अवर्षणप्रवण माळरान आहे. त्यामुळे एकाच सायकलीला या तीन पट्ट्यांत तीन वेगवेगळ्या प्रकारची निगा लागते.

पार्श्वभूमी

माउंटन बाइकचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७०च्या दशकात झाला. तेथील हौशी सायकलस्वार जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवत. १९७६मध्ये सुरू झालेली त्यांची उताराची शर्यत ‘रीपॅक’ या नावाने ओळखली जाते. या नावाचा संबंध थेट वंगणाशी आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. लांब उतारावर तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक उतरणीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे, म्हणजेच ते ‘रीपॅक’ करावे लागे. पुढे या सायकलींचे कारखान्यांत उत्पादन सुरू झाले आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगचा समावेश झाला.

सायकलीची रोलर साखळी त्याहून बरीच जुनी आहे. हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमध्ये १८८०मध्ये तिचे एकस्व घेतले. साखळीतील दोन लगतच्या पिनांमधील अंतर आजही १२.७ मि.मी., म्हणजे अर्धा इंच, इतकेच आहे.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीच्या इतिहासातही सायकलीला स्थान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान सुरू केले आणि त्यातूनच पुढे किर्लोस्कर उद्योगाची वाढ झाली. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

झीज कशी होते

साखळीची प्रत्येक कडी आतील पट्ट्या, बाहेरील पट्ट्या, पिन व रोलर यांची बनलेली असते. पॅडल मारताना कडी पुढच्या दातेरी चक्रावर आणि मागच्या कॅसेटवर चढताना व उतरताना वाकते. अशा प्रत्येक वाकण्यात पिन आतील पट्टीच्या छिद्रात फिरते. घर्षण तेथेच होते आणि वंगणाची गरजही तेथेच असते. साखळीच्या बाहेरच्या बाजूला दिसणाऱ्या तेलाचा गंजापासून बचाव करण्यापलीकडे फारसा उपयोग नसतो. उलट त्यावर धूळ चिकटते.

साखळी ‘ताणली गेली’ असे म्हटले जात असले तरी तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना व छिद्रे झिजल्याने प्रत्येक सांध्यात किंचित मोकळीक निर्माण होते. ती सर्व मिळून साखळीची लांबी वाढते. लांबलेली साखळी दात्यांच्या तळाशी न बसता त्यांच्या उतारावर चढते आणि दातेही झिजवते. असे होऊ दिल्यास केवळ साखळी बदलून भागत नाही. झिजलेल्या कॅसेटवर नवी साखळी घसरते, त्यामुळे अधिक महाग असलेली कॅसेट आणि पुढचे चक्रही बदलावे लागते. वेळेवर साफसफाई करण्यामागील मुख्य आर्थिक कारण हेच आहे.

तेल व धूळ यांच्या मिश्रणाचा परिणाम धुळीच्या कणांवर अवलंबून असतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील फेल्डस्पार व पायरोक्सीन ही खनिजे कडक पोलादाच्या तोडीची कठीण असतात. जांभ्याच्या मातीला लाल रंग देणारी लोहाची ऑक्साइडेही घासण्यास समर्थ असतात. दागिन्यांना चकाकी आणण्यासाठी वापरली जाणारी लाल पूड आयर्न ऑक्साइडचीच असते. तीच माती तेलातून पिनेपर्यंत पोहोचली की प्रत्येक फेऱ्यासोबत धातूचा सूक्ष्म थर निघत जातो. साखळीवरून बोट फिरवल्यावर लागणाऱ्या काळ्या राडीत तेल, माती आणि झिजलेले पोलाद एकत्र असतात.

प्रदेशानुसार परिस्थिती

पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा

महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या रांगेत येतो. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणारा रस्ता आणि ठोसेघर-चाळकेवाडीचे पठार हे भाग सायकलस्वारांच्या परिचयाचे आहेत. येथील पठारांवर जांभा खडक आढळतो. पावसाळ्यात त्याची बारीक लाल माती पाण्यासोबत उडून साखळी, डिरेलर व ब्रेकमध्ये शिरते. सततच्या ओलाव्याने हलके तेल लवकर धुऊन जाते आणि साखळीवर एका रात्रीत गंजाचा तांबूस थर दिसू लागतो. शिवाय हे रस्ते तीव्र उताराचे असल्याने ब्रेकची स्वच्छता येथे थेट जिवाशी निगडित असते.

कृष्णाकाठ

कृष्णा नदी क्षेत्र महाबळेश्वर येथे उगम पावते. माहुली येथे वेण्णा, कराड येथे कोयना आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा तिला मिळते. वाई, कराड, वाळवा, पलूस व मिरज या भागांतील नदीकाठची जमीन काळी व कसदार आहे. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आक्रसून भेगाळते. ओल्या बांधावरून किंवा उसाच्या शेतातील गाडीवाटेवरून सायकल नेल्यास ही माती टायरवर थरावर थर चढवत जाते आणि फ्रेम व चाक यांमधील जागा भरून टाकते. अशा वेळी जोर लावून पॅडल मारल्यास चिखल व काडीकचरा डिरेलरमध्ये ओढला जाऊन तो वाकू शकतो. सायकलीवरून उतरून लाकडी काडीने माती खरवडणे हाच यावर उपाय आहे.

पूर्वेकडील माळरान

माण, खटाव, आटपाडी, जत व कवठेमहांकाळ हे तालुके पर्जन्यछायेत येतात. यांतील बऱ्याच भागांत वर्षाला सुमारे ५०० मि.मी. पाऊस पडतो. मुरमाच्या वाटा, कोरडी हवा आणि बारीक धूळ ही येथील वैशिष्ट्ये आहेत. येथे गंजाचा धोका कमी असतो, पण दाट तेल वापरल्यास ते धुळीला चुंबकासारखे धरून ठेवते. बाभळीचे काटे आणि सराटे यांमुळे टायरला छिद्रे पडतात. म्हणून साफसफाई करताना टायर चहूबाजूंनी तपासणे हा येथे कामाचाच भाग ठरतो. ट्यूबविरहित टायरमधील छिद्रे बुजवणारे द्रव्य उष्णतेने लवकर सुकते, त्यामुळे उन्हाळ्यात ते अधिक वेळा तपासावे लागते.

लागणारे साहित्य

घरगुती देखभालीसाठी पुढील साहित्य पुरेसे असते:

दोन बादल्या, एक फ्रेमसाठी व दुसरी मळलेल्या भागांसाठी
मऊ ब्रश, जुना टूथब्रश व लाकडी काडी
सौम्य साबण किंवा भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे द्रावण
साखळीवरील तेल विरघळवणारे द्रावण
सुती कापडाच्या चिंध्या; ब्रेकसाठी वेगळी, तेल न लागलेली चिंधी
आयसोप्रोपिल अल्कोहोल
साखळीचे तेल व बेअरिंगसाठी जलरोधक ग्रीस
साखळीची झीज मोजण्याचे माप किंवा पोलादी पट्टी

खेड्यापाड्यांतील सायकल दुकानांत साखळी व छर्रे धुण्यासाठी परंपरेने रॉकेल वापरले जाते. रॉकेलने जुने तेल चांगले निघते. मात्र धुतल्यानंतर ते साखळीच्या सांध्यांत राहिल्यास नवे तेल पातळ होते. म्हणून साबणाच्या पाण्याने ते काढून साखळी पूर्ण वाळवावी लागते. पेट्रोलची वाफ सहज पेट घेत असल्याने या कामासाठी ते वापरू नये. गंज काढणारी आम्लयुक्त द्रव्येही टाळावीत, कारण त्यांमुळे कडक पोलादाच्या साखळीला तडे जाऊ शकतात.

स्वच्छतेचा क्रम

सर्वाधिक मळलेला भाग आधी आणि तुलनेने स्वच्छ भाग नंतर हाताळावा, असा सर्वसाधारण नियम आहे. साखळी शेवटी धुतल्यास तिची काळी राड धुतलेल्या फ्रेमवर आणि ब्रेकवर उडते.

१. सुटी माती काढणे. चिखलाचे मोठे गोळे लाकडी काडीने काढावेत. वाळलेली माती कोरड्या कापडाने पुसल्यास रंगावर ओरखडे पडतात, म्हणून ती आधी पाण्याने भिजवून सैल करावी.

२. साखळी व दातेरी चक्रे. ब्रेकच्या चकत्यांवर प्लास्टिकची पिशवी किंवा कापड झाकावे. साखळीला द्रावण लावून ती मागच्या दिशेने फिरवत ब्रशने घासावी. कॅसेटच्या चक्रांमधील फटीत कापडाची पट्टी घालून ती पुढे-मागे ओढल्यास अडकलेले गवत व माती निघते. डिरेलरमधील दोन लहान चाकांवर साचलेला कडक थर काडीने खरवडून काढावा.

३. फ्रेम व चाके. स्वच्छ बादलीतील साबणाच्या पाण्याने वरून खाली फ्रेम धुवावी. त्यानंतर रिम, आरे व टायर धुवावेत. हे करताना टायरमधील काटे, सैल झालेले आरे आणि फ्रेमवरील तडे पाहावेत. जोडाजवळील बारीक तडा मळलेल्या सायकलीवर दिसत नाही.

४. पाणी मारणे. पाणी हलक्या धारेने वरून सोडावे. गाड्या धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवारा हब, पॅडलचा आस, हँडलचा सांधा व सस्पेन्शनच्या रबरी कड्यांवर मारू नये. त्या दाबाने पाणी रबराच्या कडेतून आत शिरते व ग्रीस बाहेर ढकलते. बाहेरून चकचकीत दिसणारी सायकल त्यामुळे आतून गंजू लागते.

५. वाळवणे. सायकल दोन-तीन वेळा हलकेच आपटून अडकलेले पाणी झटकावे, साखळी चिंधीत धरून फिरवावी आणि सायकल वाऱ्याशीर उभी करावी. सांध्यांत पाणी असताना तेल दिल्यास ते पिनेपर्यंत नीट पोहोचत नाही.

साखळीचे वंगण

साखळीसाठी बाजारात मिळणारी वंगणे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

कोरड्या हवामानाचे तेल पातळ असते आणि द्रावक उडून गेल्यावर त्याचा पातळ थर मागे राहतो. त्यावर धूळ कमी बसते. पूर्वेकडील तालुक्यांसाठी आणि इतरत्र हिवाळा-उन्हाळ्यासाठी ते योग्य ठरते. पाण्याने मात्र ते लवकर निघून जाते.

ओल्या हवामानाचे तेल दाट व चिकट असते. पावसात ते अधिक काळ टिकते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम पट्ट्यात ते वापरले जाते. पाऊस संपल्यावर ते पूर्ण धुऊन काढावे, अन्यथा कोरड्या दिवसांत तेच धूळ गोळा करते.

मेणाधारित वंगण द्रवरूपात लावता येते किंवा साखळी काढून वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवूनही देता येते. वाळल्यावर ते घट्ट होत असल्याने त्याला माती फारशी चिकटत नाही. मात्र पहिल्यांदा मेण देण्यापूर्वी साखळीवरील कारखान्यातील ग्रीस पूर्ण काढावे लागते, आणि भर पावसात ते लवकर निघून जाते. मेण थेट ज्योतीवर वितळवल्यास पेट घेऊ शकते, म्हणून ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे.

तेल देताना बाटलीचे टोक साखळीच्या खालच्या पदराच्या आतील बाजूस धरून पॅडल हळूहळू मागे फिरवावे व प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा. सुरुवातीची कडी लक्षात ठेवल्यास कोणतीही कडी दुसऱ्यांदा येत नाही. त्यानंतर तेल सांध्यांत मुरण्यासाठी काही मिनिटे थांबावे. मेणाधारित द्रवाला काही तास द्यावेत. शेवटी कोरड्या चिंधीने साखळीचा बाहेरचा भाग पुसून काढावा. या शेवटच्या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुसलेली साखळी कोरडी वाटली तरी पिनांजवळचे तेल आत शिल्लक असते.

घरातील गोडेतेल किंवा खोबरेल तेल साखळीला लावू नये. वनस्पतिजन्य तेले हवेशी संयोग पावून चिकट होतात, तर खोबरेल तेल हिवाळ्यातील गारठ्यात थिजते. मोटारीतून काढलेल्या जुन्या इंजिन तेलात धातूचे कण असतात व ते त्वचेलाही अपायकारक असते. शिवणयंत्राचे तेल अगदी पातळ असल्याने तात्पुरते चालते, पण टिकत नाही.

डब्ल्यूडी-४० या नावाने प्रसिद्ध असलेल्या फवाऱ्याचे मूळ सूत्र १९५३मध्ये पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार करण्यात आले. ओली साखळी कोरडी करण्यास किंवा अडकलेला बोल्ट सैल करण्यास तो उपयोगी पडतो. साखळीसाठी टिकाऊ वंगण म्हणून तो पुरेसा नाही.

ब्रेक

डिस्क ब्रेकची चकती व पॅड यांना कोणतेही वंगण देऊ नये. तेलाचा सूक्ष्म अंशही पॅडमध्ये शोषला जातो. त्यामुळे ब्रेक किंचाळतो आणि सायकल थांबण्यास लागणारे अंतर वाढते. यवतेश्वरसारख्या वळणावळणाच्या घाटातून उतरताना ही चूक प्राणघातक ठरू शकते. साखळीवर फवारा मारताना उडणारे तुषार हे तेल चकतीवर येण्याचे सर्वसामान्य कारण आहे. त्यामुळे फवाऱ्यापेक्षा थेंबाथेंबाने तेल देणारी बाटली सुरक्षित असते.

चकती स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावी आणि नंतर तिला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. तेल मुरलेले पॅड बदलणे हा खात्रीचा उपाय आहे. शिमानो कंपनीच्या १.८ मि.मी. जाडीच्या चकत्या झिजून १.५ मि.मी. झाल्यावर बदलाव्यात, अशी त्या कंपनीची सूचना आहे.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काही कंपन्या खनिज तेल, तर काही डॉट प्रकारचे द्रव वापरतात. ही दोन्ही एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. चुकीच्या द्रवाने आतील रबरी कड्या फुगतात व ब्रेक निकामी होतो.

सस्पेन्शन

पुढच्या फोर्कच्या गुळगुळीत नळ्या खालच्या नळ्यांमध्ये सरकतात. त्यांच्या तोंडाशी असलेल्या रबरी कड्या धूळ अडवतात. प्रत्येक फेरीनंतर या जागेची धूळ ओल्या मऊ कापडाने पुसावी. साखळीसाठीचे द्रावण किंवा गंजरोधक फवारा येथे वापरू नये, कारण त्याने रबर खराब होते व आतील ग्रीस पातळ होते. खालच्या नळ्यांतील तेल व फोमच्या कड्या ठरावीक तासांच्या वापरानंतर बदलाव्या लागतात. काही उत्पादक ही मुदत ५० तासांची सांगतात. धुळीच्या किंवा चिखलाच्या प्रदेशात ती आणखी कमी धरणे योग्य असते.

बेअरिंग व इतर सांधे

हब, पॅडलचा आस व हँडलचा सांधा यांतील बेअरिंगला साखळीचे पातळ तेल न देता ग्रीस द्यावे. पातळ तेल आतील ग्रीस वाहून नेते. जुन्या पद्धतीच्या सायकलींत छर्रे व कोन उघडून रॉकेलने धुता येतात आणि नवे ग्रीस भरता येते. बंदिस्त बेअरिंग खडखडू लागल्यास ते बदलतात. चाक उचलून फिरवल्यावर खरखर जाणवणे किंवा ते आडवे हलणे ही झिजेची खूण आहे.

धातूच्या फ्रेममध्ये धातूचा सीटपोस्ट बसवताना त्याला ग्रीसचा पातळ थर द्यावा. अन्यथा पावसाळ्यात तो आत घट्ट बसून निघेनासा होतो. कार्बनच्या भागांना मात्र ग्रीसऐवजी त्यांच्यासाठीचा विशेष लेप वापरतात. पॅडलच्या आट्यांनाही ग्रीस लावतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ते काढताना ध्यानात ठेवावे लागते.

झीज मोजणे

साखळीची झीज डोळ्यांनी ओळखता येत नाही. विशेष माप नसल्यास पोलादी पट्टीने ती मोजता येते. नव्या साखळीत २४ पिन-अंतरांची लांबी ३०४.८ मि.मी., म्हणजे १२ इंच, भरते. साखळी ताणून धरून हीच लांबी सुमारे ३०६.३ मि.मी. भरल्यास झीज ०.५ टक्के, तर सुमारे ३०७.१ मि.मी. भरल्यास ०.७५ टक्के झालेली असते. मागे ११ किंवा १२ चक्रे असलेल्या सायकलींची साखळी ०.५ टक्क्यावर, तर ९ किंवा १० चक्रांच्या सायकलींची साखळी ०.७५ टक्क्यापर्यंत बदलावी, असा प्रघात आहे.

ऋतुमानानुसार देखभाल

मेअखेर पावसाळापूर्व देखभालीत सीटपोस्ट व बेअरिंगचे ग्रीस तपासतात, ब्रेकचे पॅड पाहतात आणि ओल्या हवामानाचे तेल देतात.

जून ते सप्टेंबर या काळात डोंगराळ भागातील प्रत्येक फेरीनंतर सायकल त्याच दिवशी धुऊन, वाळवून तेल देणे आवश्यक असते. वेळ नसल्यास किमान साखळी पुसून तेलाचा हात द्यावा. ओली साखळी तशीच ठेवल्यास गंज चढतो.

ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतरची पूर्ण उघडझाप करतात. महाराष्ट्रात खंडेनवमी व दसऱ्याला वाहने आणि अवजारे धुऊन-पुसून पूजण्याची प्रथा आहे. पाऊस ओसरण्याच्या सुमारास येणारा हा सण अशा देखभालीसाठी सोयीचा ठरतो.

नोव्हेंबर ते मे या कोरड्या काळात दर वेळी पाणी लागत नाही. कोरडा ब्रश व चिंधी यांनी धूळ काढून हलके तेल दिले तरी पुरते. साखळीतून कोरडा किरकिर आवाज येणे ही तेल संपल्याची, तर करकर चावल्यासारखा आवाज येणे ही सांध्यांत माती गेल्याची खूण मानली जाते. पहिल्या स्थितीत तेल द्यावे. दुसऱ्या स्थितीत आधी धुवावे आणि मगच तेल द्यावे.

पुरात बुडालेली सायकल

कृष्णा व वारणा नद्यांच्या महापुराने सांगली शहर व परिसर २००५, २०१९ आणि २०२१मध्ये जलमय झाला. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो. तो फ्रेमच्या नळ्या, हब व रिमच्या पोकळीतही शिरतो. पाणी ओसरल्यावर अशी सायकल केवळ बाहेरून धुऊन तेल दिल्यास काही दिवस चालते, पण नंतर बेअरिंग अडकतात.

गाळ वाळण्यापूर्वी सायकल स्वच्छ पाण्याने धुवावी. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करावी व आतील पाणी निथळू द्यावे. टायर व ट्यूब काढून रिम आतून पुसावी. छर्ऱ्यांचे हब उघडून धुवावेत व त्यांत नवे ग्रीस भरावे. ब्रेक व गिअरच्या तारा, त्यांची आवरणे आणि ब्रेकचे पॅड बदलणे योग्य असते. सस्पेन्शन फोर्क उघडून आतील तेल बदलल्याशिवाय वापरू नये. बॅटरीवर चालणारी सायकल बुडाली असल्यास तिची बॅटरी तपासणीशिवाय चार्ज करू नये. पुराचे पाणी दूषित असल्याने काम करताना हातमोजे वापरणे इष्ट असते.

पाणी व पर्यावरण

सायकल धुण्यास फार पाणी लागत नाही. सुटी माती आधी कोरड्या ब्रशने झाडली आणि स्पंज वापरला तर एक-दोन बादल्यांत काम होते. टंचाईच्या काळात टँकरवर अवलंबून राहणाऱ्या माण, जत यांसारख्या तालुक्यांत ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

तेलकट सायकल नदीच्या घाटावर, ओढ्यात किंवा तलावात धुऊ नये. कास तलावातून सातारा शहराला पाणीपुरवठा होतो, तर कृष्णाकाठची अनेक गावे व शहरे नदीच्या पाण्यावर अवलंबून आहेत. रॉकेल किंवा द्रावण वापरल्यावर ते भांड्यात काही काळ स्थिर ठेवावे. माती तळाशी बसल्यावर वरचे द्रावण गाळून पुन्हा वापरता येते. उरलेली राड व तेलाच्या चिंध्या गटारात टाकू नयेत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग उघड्या ज्योतीपासून दूर ठेवावा.

टायरच्या खाचांतील मातीतून बिया एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातात. गाजरगवतासारखी आक्रमक वनस्पती अशा रीतीनेही पसरते. युनेस्कोने २०१२मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत कास पठाराचा समावेश आहे. येथील जांभ्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असून त्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात दुर्मीळ फुलझाडे बहरतात. त्यामुळे खालच्या शेतांतून वा माळावरून फिरलेली सायकल पठारावर नेण्यापूर्वी तिचे टायर धुणे आणि तेथे केवळ रस्त्यावरूनच ती चालवणे आवश्यक ठरते.